डावा, जमना

तारामुंबरीला बर्फाच्या कारखान्यावर एक खोली होती.
खालून गारठा चढायचा, वरून पत्रा तापायचा.
तिथे धाकू मोंडकर आम्हा अकरा जणांना
जहाज शिकवायचा, जहाजाशिवाय.

खडूने भलामोठा मासा काढायचा.
तोंड खिडकीकडे, ही नाळ. शेपूट जिन्याकडे, हे सुकाणू.
आणि पोटात आम्हाला उभं करायचा.

जमीन म्हटलं की रुपया दंड.
‘जमीन खय दिसली तुका? डेक म्हण.’
भिंत म्हटलं की रुपया. बल्कहेड.
खिडकी म्हटलं की रुपया, जरी ती खिडकीच होती
आणि तिच्यातून सुकत घातलेले बांगडे दिसत होते.
गजाला दोन रुपये, कारण त्याचा बाप तांडेल.
आणि जहाजाला कुणी बोट म्हणालंच
तर करंगळी उगारायचा : ‘बोट ह्या.’
चाळीस वर्षं सारंग होता, त्यातली सव्वीस परमुलखात.
करंगळीचं अर्धं पेर कुठल्याशा विंचमध्ये गेलेलं.

नाणी दुधाच्या पावडरीच्या डब्यात पडायची.
शिमग्याला त्यातून भजी आली,
दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा वाजू लागला.

छळलं ते डाव्या-उजव्याने.
त्याच्या काळचे खलाशी म्हणत डावा नि जमना,
आम्हाला परीक्षेपुरतं पोर्ट नि स्टारबोर्ड.
मला नाळेकडे तोंड करून उभा केला. पोर्ट दाखव.
दाखवला.
फिर आता. पोर्ट दाखव.
मी पुन्हा डावा हात वर केला.
त्याने तो खाली दाबला, उजवा उचलला,
आधीच्याच कोपऱ्याकडे नेला, जिथे छत्र्या टांगलेल्या असत.
‘तू फिरलंस. जहाज खय फिरला?
डावो हात तुझो. पोर्ट जहाजाचो.’

आता माझ्या छातीवर मॉरिस लिहिलंय.
मोरेश्वर त्या पट्टीत मावत नव्हतं.
नवव्या डेकवर बावीस केबिन माझ्याकडे,
टॉवेलचे हत्ती करतो, चादरींना कोपरे काढतो.
पाहुणे विचारतात, ही बोट किती मजल्यांची?
अकरा मजल्यांची, सर.
तलाव मागच्या बाजूला, मॅडम, जिना चढून.
पाहुण्याचा शब्द दुरुस्त करायचा नाही, हा कंपनीचा नियम.
मी मनात रुपया टाकतो.

एकदा कप्तानाने सांगितलं, स्टारबोर्डला डॉल्फिन.
निम्मे लोक पोर्टला धावले, निम्मे त्यांच्यामागे.
ओले टॉवेल घेऊन मी एकटा बरोबर बाजूला.
तीन होते. एक पिल्लू.

धाकू भाद्रपदात गेला. मी कोचीच्याही खाली होतो.
दोन दिवसांनी रेंज आली तेव्हा आई म्हणाली,
‘बर्फात ठेवलो हुतो, झील येईसर.’
कारखान्याने पैसे घेतले नाहीत.

माझा बंक पाण्याच्या पातळीखाली. पोर्टहोल नाही.
बाहेर दिवस की रात्र, घड्याळाला विचारायचं.
पाचला मुंबई सुटते, अडीचच्या सुमारास
देवगडचं दीपगृह आडवं येतं.
कुणी सांगत नाही, येतं.
दक्षिणेला जाताना किनारा पोर्टला,
मग मी पडल्या पडल्याच तळवा टेकवतो.
पत्रा गार, पायाखालच्या त्या खोलीसारखा.
पलीकडे पाणी, पाण्यापलीकडे छत्र्यांचा कोपरा.

परतीच्या फेरीला मात्र खाली उतरावं लागतं.
वायानच्या चपला ओलांडून, अंधारात,
दोन पावलं, समोरच्या बाजूला.
जमना.
एकदा वायान जागा झाला.
काय चाललंय, मॉरिस?
काही नाही, म्हटलं. भिंत आहे.